मोंढ्यातला कॉम्प्युटर आणि ३३८९ पोर्ट

लातूरच्या मोंढ्यात मामांची आडत आहे. ऐन सोयाबीनच्या आवकीत हिशोबाचा कॉम्प्युटर अडखळू लागला. विंडोजचा सिक्युरिटी लॉग, म्हणजे लॉगिनची नोंदवही, उघडला, तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींचा ढीग. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. 'अॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं लावून कुणीतरी रात्रभर पासवर्ड चाचपत होतं. यशस्वी लॉगिनची, म्हणजे ४६२४ ची, बाहेरून आलेली एकही नोंद नव्हती. नशीब!

कारण राउटरमध्ये सापडलं. घरून बिलं दिसावीत म्हणून बसवणाऱ्यानं रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) सरळ इंटरनेटवर उघडला होता. नुसता पोर्ट नंबर बदला, असं बरेच जण सांगतात; मला ते कुचकामी वाटतं, उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर प्रोग्रॅम बाकीचे पोर्टही तपासतातच.

मी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणारी सेटिंग) काढलं, यूपीएनपी (असे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद केलं, राउटरवर व्हीपीएन, म्हणजे आत यायचा खाजगी, सुरक्षित मार्ग, लावलं. विंडोज फायरवॉलच्या इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या, नियमात 'स्कोप'खाली (कुठून जोडता येईल ती यादी) फक्त व्हीपीएनचे पत्ते ठेवले. बाहेर जाणारा २५ पोर्टही (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) अडवला, मशीन कुणाच्या हाती लागलंच तर तिथून थेट स्पॅम सुटू नये म्हणून. नेहमीचा मेल ५८७ वरून जातो, त्याला धक्का नाही.

"आता घरून दिसंल ना रे?" मामांचा एवढाच प्रश्न. दिसतं, पण आधी व्हीपीएन जोडावं लागतं. त्यावर ते अजून कुरकुरतात.