परीचा रोल करायचाय? आधी टिकलीशी बोलायला शिका

नाशिकमधून फँटसी लव्हस्टोरीच्या ऑडिशनला जाणाऱ्या पोरींसाठी लिहितेय. परी, अप्सरा म्हटलं की सगळ्या आधी ड्रेसच्या मागे लागतात, ते राहू दे. खरी गोची हिरव्या पडद्यासमोर होते (शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर त्यातला हिरवा रंग काढून तिथे दुसरं दृश्य टाकतात), कारण बऱ्याचदा समोर हिरो पण नसतो, स्टँडला लावलेला टेनिस बॉल असतो आणि त्याच्याकडे बघून डोळ्यात पाणी आणायचं असतं.

घरी काय करायचं, तर भिंतीवर आपल्या नजरेच्या वीतभर वर टिकली चिकटवायची, मोबाईल स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग लावायचं आणि डायलॉग तिलाच म्हणायचा. नजर जरा हलली की व्हिडिओत लगेच दिसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आई आतून ओरडली, "अगं भिंतीशी काय बोलत बसलीयेस, तिकडे भाजी करपली!"

मग कॅरेक्टरचे नियम ठरवा. तिला भूक लागते का, पहिला चहा पिताना जीभ भाजते का? संध्याकाळी रामकुंडावर तासभर बसा आणि माणसं आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असं बघा, लय कामाला येतं.

आणि आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघाच, त्यात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झालीये आणि सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवलेत, आवाज नाही काही नाही, तरी सगळं कळतं.

हां, आणि ऑडिशनला हिरवा कुर्ता घालू नका, मागे हिरवा पडदा असला तर नुसतं मुंडकं दिसेल.