पॅकिंगच्या प्लॅस्टिकचा ईपीआर भरायचाय? आधी पिशवी काट्यावर ठेवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो, आणि गेल्या दोनेक वर्षांत जेवढे फोन मला सूत, रंग, ट्रान्सपोर्ट यासाठी आले नसतील तेवढे या ईपीआरसाठी आलेत, कोणी म्हणतो नोटीस आलीय काय करू, कोणी म्हणतो मोठ्या कंपनीवाला ऑर्डर द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर मागतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ईपीआर म्हणजे एक्स्टेंडेड प्रोड्यूसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे काय तर तुम्ही जेवढं प्लॅस्टिक पॅकिंग म्हणून बाजारात सोडलं तेवढंच गोळा होऊन रिसायकल होईल याची जबाबदारी तुमची. मूळ नियम २०१६ चे, पण खरा दणका फेब्रुवारी २०२२ पासून, तेव्हा ईपीआरच्या गाइडलाइन्स आल्या आणि सगळं सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, एकाच पोर्टलवर गेलं. २०२३-२४ पासून टार्गेट १०० टक्के आहे, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं सगळं.

पहिला प्रश्न, हे आपल्याला लागू आहे का. नियमात तिघं आहेत, प्रोड्यूसर म्हणजे प्लॅस्टिकचं पॅकिंग बनवणारा, इम्पोर्टर, आणि ब्रँड ओनर म्हणजे स्वतःच्या ब्रँडखाली माल विकणारा. सोलापुरातले चादर-टॉवेलवाले, शेंगाचटणी आणि कडक भाकरीवाले, युनिफॉर्मवाले हे बहुतेक ब्रँड ओनरमध्ये येतात. आता यात दिलासा असा की ब्रँड ओनरच्या व्याख्येतून मायक्रो आणि स्मॉल युनिट बाहेर ठेवलेत. १ एप्रिल २०२५ पासून स्मॉलची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे, दोन्हीपैकी एक जरी ओलांडली तरी तुम्ही मीडियममध्ये. उद्यमला, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीला, उलाढाल धरताना एक्सपोर्ट वगळतात हे आपल्याकडच्या बऱ्याच टॉवेलवाल्यांना माहीतच नसतं, त्यामुळे सीएकडे बसून आधी हा आकडा नीट काढा आणि उद्यमचं सर्टिफिकेट अपडेट करून फाइलला लावा.

पण मी स्मॉल आहे म्हणून सुटलो असं लगेच धरू नका. बाहेर देशातून रंग, केमिकल, मशीनचे पार्ट मागवत असाल आणि ते प्लॅस्टिकच्या पॅकिंगमध्ये येत असतील तर तुम्ही इम्पोर्टर झालात, तिथे ब्रँड ओनरची सवलत चालत नाही. पिशव्या, पाऊच स्वतः बनवणारे प्रोड्यूसर आहेत, त्यातल्या मायक्रो-स्मॉलवाल्यांचं ओझं २०२४ च्या दुरुस्तीने कच्चा माल विकणाऱ्याकडे सरकवलंय, तरी आपलं पोर्टलवर काय करायचं ते एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) सोलापूरच्या कचेरीत जाऊन लेखी विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका.

दुसऱ्याच्या ब्रँडसाठी जॉबवर्क करत असाल तर ब्रँड ओनर तो, तुम्ही नाही. तसंच गिरणीतून सुताचे कोन ज्या पोत्यात येतात ते पोतं तुमच्या हिशोबात धरायचं नसतं, ते सूत विकणाऱ्याचं पॅकिंग. लोक घाबरून सगळंच स्वतःच्या नावावर टाकतात ओ, आणि मग टार्गेट फुगतं.

रजिस्ट्रेशन कुठे? माल एक किंवा दोन राज्यांत विकत असाल तर एमपीसीबी, दोनपेक्षा जास्त राज्यांत असेल तर सीपीसीबी, अर्ज मात्र त्याच एका पोर्टलवर. सोलापूरला हे नीट बघावं लागतं कारण आपण सीमेवर बसलोय, विजापूर आणि गुलबर्ग्याला गाडी गेली तरी महाराष्ट्र आणि कर्नाटक अशी दोनच राज्यं, पण हैदराबादला एक पार्टी धरली की तेलंगणा तिसरं झालं आणि प्रकरण दिल्लीला गेलं. ऑनलाइन विकणाऱ्यांनी तर सरळ सीपीसीबीच धरा, तुमचा माल कुठल्याही राज्यात जातो. अर्जाला पॅन, जीएसटी, कंपनी असेल तर सीआयएन (कंपनीचा नोंदणी नंबर), इम्पोर्टरला आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), कारखान्याला प्रदूषण मंडळाने दिलेलं कन्सेंट आणि सही करणाऱ्याची ओळखपत्रं लागतात. वर्षाला १००० टनाच्या आत प्लॅस्टिक असेल तर फी १०,००० रुपये.

आता खरं काम. पोर्टल तुम्हाला मागच्या दोन आर्थिक वर्षांचं प्लॅस्टिक टनात विचारतं, कॅटेगरीप्रमाणे आणि राज्याप्रमाणे, आणि त्याच्या सरासरीवरच तुमचं टार्गेट ठरतं. म्हणजे तुम्ही टाइप केलेला आकडा हेच तुमचं देणं. आमच्याकडे पहिल्या वेळी कन्सल्टंटने टॉवेलची एक पिशवी ९ ग्रॅम धरली होती, कुठून आणली विचारलं तर म्हणे सगळ्यांची साधारण तेवढीच असते. मी संध्याकाळी स्टोअरमधून कोऱ्या १०० पिशव्या मोजून काढल्या, बटण आणि हँगर असलेल्या, आणि लॅबमधल्या कापडाचं जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) बघायच्या काट्यावर ठेवल्या, भरल्या ११५० ग्रॅम. म्हणजे एक पिशवी साडेअकरा ग्रॅमची. महिन्याला ८ लाख पिशव्या धरल्या तर ९ ग्रॅमने वर्षाचे ८६.४ टन होतात आणि साडेअकराने ११०.४ टन, २४ टनांचा फरक. कमी दाखवलं आणि उद्या पिशवीवाल्याच्या बिलाशी ताळा जमला नाही तर खोटी माहिती दिली असा अर्थ निघतो, आणि जास्त दाखवलं तर फुकट पैसे भरता.

म्हणून प्रत्येक साइजच्या १०० कोऱ्या पिशव्या मोजा, वजन करा, तारीख टाकून रजिस्टरला लिहा, जमलं तर काट्याचा फोटो काढून ठेवा. टॉवेलची पिशवी सगळ्यांना आठवते, पण गठाणीचं वोव्हन कव्हर, स्ट्रॅपिंगची पट्टी, कार्टनवरची बीओपीपी टेप, पॅलेटची स्ट्रेच फिल्म, टॅग अडकवायचा तो छोटा लूप हे सगळं राहून जातं. पिशवीवाला किलोवर बिल देत असेल तर काम सोपं, वर्षभराची खरेदी अधिक सुरुवातीचा स्टॉक वजा शेवटचा स्टॉक, आणि ते नगाच्या वजनाशी जुळवून बघायचं, दोन्हीत फार फरक आला तर कुठेतरी साइज चुकलीय. फाटक्या आणि छपाई बिघडलेल्या पिशव्या कारखान्यातच वाया जातात त्याचाही आकडा पोर्टल मागतं, तो भंगाराच्या पावत्यांवरून काढा. एक्सपोर्टच्या मालाचं पॅकिंग पहिल्यापासून वेगळ्या पानावर लिहा, नंतर वेगळं करायला बसलं की शिपिंग बिलं शोधण्यात आठवडा जातो, मी घालवलाय.

कॅटेगरीत लोक हमखास चुकतात. कडक प्लॅस्टिक, म्हणजे डबे, बरण्या, बाटल्या ही पहिली. पिशव्या, पाऊच, फिल्म, मग एकच थर असो नाहीतर वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे दोन-तीन, ही दुसरी. प्लॅस्टिकबरोबर दुसऱ्या कशाचा थर असेल, जसं अॅल्युमिनियम फॉइल किंवा कागद, तर तिसरी. चटणीवाल्यांनी इथे जपायचं, पाऊच दिसायला सारखेच पण एकात फॉइल आणि एकात नाही, हाताला कळत नाही, पाऊच बनवणाऱ्याकडून थरांची माहिती लेटरहेडवर घ्या. एका कॅटेगरीचं रिसायकल केल्याचं क्रेडिट दुसरीला चालत नाही, त्यामुळे इथली चूक पुढे महागात पडते.

टार्गेट पूर्ण करायचं म्हणजे बहुतेक जण पोर्टलवर रजिस्टर असलेल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेतात. सगळंच सिमेंटच्या भट्टीत किंवा रस्त्यात घालून भागत नाही, ठरावीक वाटा रिसायकलच झाला पाहिजे, पिशव्यांच्या कॅटेगरीत तो २०२५-२६ ला ४० टक्के, २०२६-२७ ला ५० आणि २०२७-२८ पासून ६०. डब्या-बरण्यांना ६०, ७०, ८० असा आहे. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पॅकिंगमध्येच रिसायकल केलेलं प्लॅस्टिक वापरायची अट आलीय, त्या पहिल्या वर्षाला कडकमध्ये ३० टक्के, पिशव्यांत १०, फॉइलवाल्या पाऊचमध्ये ५, पिशवीवाल्याला ऑर्डर देतानाच हे लिहून मागा आणि त्याचा पुरावा घ्या. खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, नियम वेगळे आहेत, तिथे वाटेल ती रिसायकल फिल्म चालत नाही.

सर्टिफिकेट स्वस्त मिळतंय म्हणून धावू नका. २०२३ मध्ये सीपीसीबीच्या तपासणीत काही रिसायकलरांनी केलेली ६ लाखांच्या आसपास बोगस सर्टिफिकेटं सापडली होती. पैसे द्यायच्या आधी त्याचं रजिस्ट्रेशन पोर्टलवर बघा, जमल्यास प्लँटवर एक चक्कर मारा, मशीन किती, लाइटबिल किती, आवारात माल पडलाय का. आणि व्यवहार पोर्टलवरूनच करा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफला काही अर्थ नाही. मला विचाराल तर यात मन लावून काम करणारे छोटे रिसायकलर आहेत, त्यांना योग्य भाव मिळाला तरच आपल्या नाल्यातून प्लॅस्टिक कमी होईल, दर पाडून पाडून आपण बोगस लोकांनाच पुढे आणतो.

पिशवीवर छपाई पण बघा, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लागतो, १ जुलै २०२५ पासून ही माहिती क्यूआर कोड किंवा बारकोडमधूनही देता येते, त्यामुळे छपाईचा सिलिंडर बदलायला टाकाल तेव्हाच कोड घालून घ्या म्हणजे दुसऱ्यांदा खर्च नाही.

वार्षिक रिटर्नची तारीख ३० जून, मागच्या आर्थिक वर्षाचं. टार्गेट राहिलं तर पर्यावरण भरपाई लागते, आणि ती भरली म्हणून टार्गेट माफ होत नाही, तीन वर्षं पुढे ओढलं जातं. एका वर्षात पूर्ण केलं तर भरपाईतले ७५ टक्के परत, दोन वर्षांत ६०, तिसऱ्यात ४०, त्यानंतर काही नाही. म्हणून जूनमध्ये धावपळ करू नका, शेवटच्या पंधरवड्यात पोर्टलही स्लो होतं आणि सर्टिफिकेटचे दरही चढतात, आमचं मार्च संपला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्टॉक मोजताना पिशव्यांचाही स्टॉक मोजतो आणि मेमध्ये रिटर्नचा कच्चा आकडा तयार असतो.

पुठ्ठ्याचे बॉक्सवाले विचारतात आमचं काय, तर कागद, काच आणि धातूच्या पॅकिंगसाठी पण असेच नियम डिसेंबर २०२४ मध्ये मसुदा म्हणून काढलेत. त्याच रजिस्टरला कार्टनच्या वजनाचं एक पान आत्ताच जोडून ठेवा, बॉक्सवर जीएसएम आणि प्लाय लिहिलेलं असतं तरी वजन काट्यावरच घ्या, पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन जड भरतो.