जानकी अम्मलवर प्रोजेक्ट करताय? आधी कांद्याला मुळं फुटू द्या

सायन्स डेला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मलवर चार्ट येतात त्यात सगळं तेच, १८९७ ला केरळात तेलिचेरीला जन्म, मिशिगनला शिकल्या, १९७७ ला पद्मश्री, झालं. बाईंनी नेमकं काम काय केलं विचारलं की पोरं छताकडे बघतात. अरे झाडांच्या पेशींतले क्रोमोसोम मोजले, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे दोरे! तुम्हीपण एकदा कांद्याच्या मुळात मोजा, मग लिहा.

कांद्याच्या बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा आणि पाणी भरलेल्या ग्लासावर असा बसवा की नुसतं बूड टेकेल, जास्त बुडाला तर सडतो आणि वासाने घरचे वैतागतात. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं येतात. सकाळी आठ-नऊला टोकं कापा आणि लगेच एक भाग ग्लेशियल असिटिक असिड, तीन भाग अल्कोहोल यात २४ तास ठेवा. हे कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोर, घरी नको.

दुसऱ्या दिवशी वॉच ग्लासमध्ये (काचेची छोटी बशी) असिटोकार्माइन हा लाल रंग, त्यात थेंबभर हायड्रोक्लोरिक असिड आणि मुळांची टोकं, खालून हलकी आच, उकळू द्यायचं नाही. टोकाचा गडद रंगलेला दोनेक मिलिमीटर तुकडा स्लाइडवर ठेवा, बाकी फेका. वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा. मी पहिल्यांदा अंगठा जरासा फिरवला आणि सगळ्या पेशींची शेवयांसारखी गुंडाळी झाली, पूर्ण दुपार वाया.

नीट दाबलं असेल तर मायक्रोस्कोपखाली मेटाफेजवाली (विभागताना क्रोमोसोम मधोमध रांगेत आलेली) एखादी पेशी सापडते, त्यात १६ आकडे-वाकडे दोरे. हे १६ मोजतानाच डोळे दुखतात, आणि बाई १९३४ पासून कोइमतूरला उसावर बसल्या होत्या, जाड गोड उसाचे क्रोमोसोम ८० आणि त्याचा रानटी भाऊ कास, त्यात ४० पासून १२८ पर्यंत काहीही! (आपल्याकडच्या को ८६०३२ या उसाच्या जातीतला 'को' म्हणजे कोइमतूरच, पण ती जात खूप नंतरची, बाईंच्या नावावर खपवू नका.) पुढे इंग्लंडला जाऊन डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर १९४५ ला लागवडीच्या झाडांचा क्रोमोसोम अ‍ॅटलास काढला. मग विस्लीच्या बागेत मॅग्नोलिया या फुलझाडाच्या रोपांवर कोल्चिसिन हे रसायन वापरलं, त्याने पेशी विभागताना क्रोमोसोम वेगळे ओढले जात नाहीत आणि संख्या दुप्पट होते. तुम्ही मात्र कोल्चिसिनच्या नादी लागू नका, विष आहे ते.

चार्टच्या मधोमध तुमच्याच स्लाइडचा फोटो लावा. मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून येतो, फक्त हात हलतो, म्हणून फोकसला मित्राला बसवा.