लिंक्ड लिस्टमधली सायकल: कोडच्या आधी कागद

लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरचा १४२ नंबरचा प्रश्न, ‘लिंक्ड लिस्ट सायकल टू’, प्लेसमेंटची तयारी करताना कधी ना कधी समोर येतोच. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची साखळी: प्रत्येक नोडमध्ये एक व्हॅल्यू आणि पुढच्या नोडचा पत्ता (नेक्स्ट), पहिला नोड म्हणजे हेड. शेवटचा नोड मागच्या एखाद्या नोडकडे वळला की सायकल होते. लिस्टमध्ये सायकल आहे का आणि असेल तर ती कुठल्या नोडपासून सुरू होते, एवढंच शोधायचं असतं. कोड छोटा असल्यामुळे बरेच जण तो पाठ करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. मला मुलाखतीत हा प्रश्न आला तेव्हा कोड लिहून होताच विचारलं गेलं, ‘आता एक पॉइंटर (नोडकडे बोट दाखवणारा व्हेरिएबल) परत हेडवर का नेलास?’ पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली.

आधी साधं उत्तर बोलून दाखवा. प्रत्येक नोड हॅश सेटमध्ये, म्हणजे एखादी गोष्ट आधी आली आहे का ते झटकन सांगणाऱ्या संचात, टाकत जायचं. जो आधीच सेटमध्ये सापडेल, तिथून सायकल सुरू. सेटमध्ये नोडच ठेवायचा, त्याची व्हॅल्यू नाही, कारण एकच व्हॅल्यू दोन नोडमध्ये असू शकते. यात नोड वाढतील तशी मेमरीही वाढते. ती वाचवायची तर फ्लॉइडची पद्धत: स्लो आणि फास्ट असे दोन पॉइंटर हेडवरून सोडायचे, दर फेरीत स्लो एक पाऊल टाकतो, फास्ट दोन.

आता कागद घ्या. लिस्ट ३, २, ०, −४ आणि शेवटचा −४ पुन्हा २ कडे वळलेला. दोघेही ३ वर. पहिल्या फेरीत स्लो २ वर, फास्ट ० वर. दुसरीत स्लो ० वर, फास्ट २ वर. तिसरीत दोघेही −४ वर. आता एक पॉइंटर हेडवर न्या आणि दोघांना एकेक पाऊल चालवा: दोघेही २ वर येतात. सायकल तिथेच सुरू होते.

हे का घडतं? हेडपासून सायकलच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर अ आणि तिथून भेटीच्या जागेपर्यंतचं ब माना. स्लो अ+ब चालला, फास्ट त्याच्या दुप्पट. फास्टने जास्तीचं जे अंतर कापलं तेही अ+ब, आणि ते सायकलच्या पूर्ण फेऱ्यांचंच असणार, नाहीतर दोघे एका नोडवर आले नसते. म्हणजे भेटीच्या जागेवरून आणखी अ पावलं टाकली की फेरी पूर्ण होऊन आपण सायकलच्या सुरुवातीला. हेडवरून निघालेलाही अ पावलांत तिथेच पोहोचतो.

म्हणूनच दोघांनी हेडवरून निघणं महत्त्वाचं. फास्टला हेडच्या पुढच्या नोडवरून सोडलं तरी सायकल आहे की नाही ते बरोबर कळतं, पण सुरुवात सापडत नाही. वरच्याच लिस्टवर करून बघा: भेट ० वर होते आणि दुसऱ्या टप्प्यात दोघे एकमेकांना कधीच गाठत नाहीत, लूप चालूच राहतो. दोघे एकाच जागेवरून निघतात, त्यामुळे पाऊल आधी टाकायचं, तुलना नंतर. लूपच्या अटीत फास्ट नल आहे का, म्हणजे पुढे नोडच उरला नाही का, ते आधी तपासा, मग फास्टचा नेक्स्ट. रिकामी लिस्ट आणि एकच नोड, या दोन केस मी न विचारता चालवून दाखवतो.

हे नीट बसलं की लगेच २८७ नंबरचा प्रश्न घ्या. तिथे अ‍ॅरे दिलेला असतो, लिस्टचं नावही नसतं. आकडे १ ते एन, जागा एन+१, त्यामुळे कुठला तरी आकडा पुन्हा येणारच. प्रत्येक आकड्याला पुढच्या इंडेक्सचा (अ‍ॅरेतल्या जागेच्या क्रमांकाचा) पॉइंटर समजा आणि शून्याव्या जागेवरून निघा. सायकल जिथे सुरू होते, तोच पुन्हा आलेला आकडा.