व्हॅनमध्ये डिझेल हीटर बसवताय? मग या चुका टाळा

मुंबईत बसवलेला डिझेल हीटर, म्हणजे डिझेल जाळून व्हॅन आतून गरम करणारं यंत्र, मुंबईत चालू झाला, याला तसा काही अर्थ नाही. इथे बाहेर ३२ डिग्री, बॅटरी ठणठणीत, डिझेल पातळ, हवा दाट, म्हणजे हीटरला पेटायला जे जे लागतं ते सगळं आयतं मिळतं आणि वाकडंतिकडं फिटिंग पण खपून जातं. खरी परीक्षा लेहला साडेतीन हजार मीटरवर नाहीतर पँगाँगला सव्वाचार हजारावर, मध्यरात्री, आणि तिथे ना कुर्ल्याचं सीएसटी रोड मार्केट ना ओळखीचा फिटर. त्यामुळे जे काही बसवाल ते तिथल्या हिशोबाने बसवा.

घेतानाच होणारे घोळ

तुमचं फिरणं कोकण, महाबळेश्वर, फार तर डिसेंबरातलं नाशिक एवढंच असेल तर हीटर घेऊच नका, दोन चांगल्या रजया घ्या आणि उरलेल्या पैशात फिरून या. लडाख, स्पिती वगैरे करायचं असेल तरच पुढे वाचा, आणि तेव्हासुद्धा आधी इन्सुलेशन. पत्रा उघडा, काचांना नुसते पडदे, आणि वर ५ किलोवॉटचा हीटर, म्हणजे रात्रभर बाहेरचं लडाख गरम करत बसायचं.

दुसरं म्हणजे 'मोठा तो चांगला' हे डोक्यातून काढा. ईको, ओम्नी किंवा छोटी विंगर असेल आणि इन्सुलेशन धड असेल तर २ किलोवॉट पुरतो, लांब ट्रॅव्हलरला ५ चा विचार करा. गरजेपेक्षा मोठा घेतला की तो कायम एकदम कमीवर चालतो, कमीवर डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते आणि मग एक दिवस पेटायलाच नकार देतो. ऑनलाइन '८ किलोवॉट' लिहून जे किट विकतात ते बऱ्याचदा आतून ५ चंच असतं, नुसता आकडा वाढवलेला.

पेट्रोल गाडीवाल्यांनो, डिझेल हीटरला डिझेलच लागतं, गाडीच्या टाकीतून कनेक्शन घ्यायचा विचार पण करू नका, स्वतंत्र छोटी टाकी लावायची आणि ती झोपायच्या जागेत नाही. गॅसवर चालणारा हीटर आपल्या घरगुती सिलेंडरवर लावायचा जुगाड पण नको, आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेन भरपूर असतो आणि तो शून्याच्या आसपास गॅस व्हायचंच सोडून देतो, म्हणजे ऐन थंडीत दाब गायब. आणि आत शेगडी पेटवून ठेवणं किंवा कोळशाची सिगडी घेऊन झोपणं, हे तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

एक्झॉस्ट, इथे अजिबात तडजोड नाही

हीटरला दोन वेगळ्या हवा असतात हे बऱ्याच गॅरेजवाल्यांना माहीतच नसतं, कारण त्यांच्याकडे महिन्याला शंभर एसी येतात, हीटर वर्षातून एखादा. एक हवा केबिनमधली, जी आत घेतली, गरम केली, परत आत सोडली. दुसरी जळण्यासाठीची, ती बाहेरूनच घ्यायची आणि धूर बाहेरच सोडायचा. हीटर ज्या प्लेटवर बसतो त्या प्लेटची गॅस्केट नीट दाबून, इनटेक, एक्झॉस्ट आणि डिझेलची नळी तिन्ही फरशीखाली. सायलेन्सरसुद्धा गाडीच्या आत ठेवायचा नाही, किटमधल्या स्वस्त सायलेन्सरच्या जोडातून धूर झिरपतो, तो बाहेर असला तर चालतं, सीटखाली असला तर नाही.

पाइपाचं तोंड खिडकीखाली, दाराखाली किंवा इनटेकच्या शेजारी सोडू नका. गाडीच्या मधोमध खाली सोडून दिलं तर धूर तिथेच कोंडतो आणि फरशीच्या भोकांतून वर येतो, म्हणून तो बॉडीच्या कडेपर्यंत न्या. उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, आणि मध्ये कुठे खोलगट भाग राहिलाच तर त्याच्या तळाला बारीक भोक पाडा, नाहीतर पाणी साचून पाइप तुंबतो. पाइप भाजेल इतका तापतो, त्याच्याजवळून ब्रेकची किंवा डिझेलची लाइन जात असेल तर लांब घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. लेहमध्ये पोचल्यावर डोकं दुखलं की आपण काय म्हणतो? 'हाय अल्टिट्यूड आहे, होतं असं', पाणी पितो आणि झोपतो. हाच धोका आहे. गाडीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं धरलंय आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर उंचीवर ढकलू नका, हीटर बंद, दारं सताड उघडी, सगळे बाहेर, आणि तरी बरं वाटत नसेल तर तडक दवाखाना. कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म उशीच्या उंचीवर लावा, त्याचं टेस्ट बटण निघायच्या आधी दाबून बघा. अलार्म नसेल तर हीटर लावून झोपायचं नाही, इतकं सरळ आहे हे.

डिझेलची लाइन आणि पंप

पंप आडवा बसवलेला मी इतक्या वेळा बघितलाय की आता राग पण येत नाही. तो १५ ते ३५ डिग्री तिरका बसवायचा, आउटलेटचं तोंड वर, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकून न राहता पुढे निघून जातो. जागा टाकीजवळची, आणि मध्ये रबर माउंट, नाहीतर त्याची टिकटिक चेसिसमधून रात्रभर कानाशी. नळी किटसोबत आलेली बारीक, कडक नायलॉनचीच वापरा, मऊ रबराची जाड नळी लावली तर पंपाचा प्रत्येक ठोका नळी फुगण्यातच जातो. जोडाला दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांना टेकली पाहिजेत.

आणि बीएस ६ गाडीच्या इंजिनाच्या डिझेल लाइनला टी मारून कनेक्शन घेऊ देऊ नका, फिटर कितीही 'कुछ नहीं होता साहब' म्हणाला तरी. टाकीत वेगळी नळी उतरवायची, तीही तळापासून थोडी वर, म्हणजे हीटरने टाकी रिकामी केली तरी गाडी चालू करण्यापुरतं डिझेल खाली राहतं.

वायरिंग

चालू होताना हीटर प्लग (लाल होऊन डिझेल पेटवणारी कांडी) ८ ते १० अँपिअर ओढतो, हीटर एकदा पेटला की दोन-तीनवर येतो. मागच्या बॅटरीपासून ४ मीटर लांब हीटर असेल आणि दीडची (१.५ चौरस मिमी) वायर टाकली असेल तर जाऊन-येऊन ८ मीटरमध्ये १० अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. मुंबईत बॅटरी १२.८ दाखवते तेव्हा हे कळत नाही. थंडीत तीच बॅटरी आधीच मरगळलेली, त्यातून १ व्होल्ट गेला की प्लग लाल होत नाही आणि हीटर लो व्होल्टेजची बोंब मारतो. सरळ चारची वायर टाका, बॅटरीजवळ फ्यूज. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही हे पण लक्षात ठेवा.

हीटर बंद करताना मेन स्विच पाडू नका. बटण बंद केल्यावर पंखा काही मिनिटं चालू राहतो, आतली उष्णता बाहेर काढतो, तो आपोआप थांबू द्या.

उंची आणि डिझेल

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के राहतो. पंप मात्र तेवढंच डिझेल टाकतो, म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, काळा धूर, काजळी. काही हीटरमध्ये उंचीचा सेन्सर असतो, काहींमध्ये सेटिंगमध्ये जाऊन पंपाची हर्ट्झ (सेकंदाला किती ठोके) कमी करावी लागते, तेव्हा विकत घेताना हा प्रश्न आधी विचारा, वॉरंटीचा नंतर.

मुंबईत भरलेलं डिझेल तिकडच्या थंडीसाठी नसतं, गारठलं की त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ डिग्रीपर्यंत गोठत नाही. हिवाळ्यात जात असाल तर टाकी जवळजवळ रिकामी करून तिथे भरा, आणि भरल्यावर हीटर थोडा वेळ चालवा, नाहीतर नळीत जुनंच डिझेल राहतं.

पेटत नसेल तर

कंट्रोलरवरचा एरर कोड मॅन्युअलमध्ये बघा, कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो. त्याआधी कान आणि डोळे वापरा. पंपाची टिकटिकच नाही, तर वायर किंवा पंप. टिकटिक आहे पण एक्झॉस्टमधून काहीच नाही, तर डिझेल पोचत नाहीये, नळीत बुडबुडा दिसतो का बघा. पांढरा धूर येतो पण पेट घेत नाही, तर डिझेल पोचतंय, प्लग कमी पडतोय, आधी व्होल्टेज मोजा. काळा धूर म्हणजे काजळी किंवा उंची. पेटतो आणि जरा वेळाने ओव्हरहीट दाखवतो, तर गरम हवेचं डक्ट कुठेतरी दबलंय किंवा फार वळणं घेतलीत.

इथे टेस्ट करताना थर्मोस्टॅट मोडवर ठेवू नका, व्हॅन आधीच ३२ डिग्रीला असते, हीटरला वाटतं काम झालं आणि तो लगेच कमीवर जातो. हर्ट्झ मोडमध्ये फुल ठेवा, अर्धा तास, मोकळ्या जागेत. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पहिल्यांदा पेटवलात तर धुराने वॉचमन आधी येईल आणि सेक्रेटरी नंतर.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होऊ शकतं, आरटीओला आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

राहिला पावसाळा. खारी हवा एक्झॉस्टचे क्लॅम्प खाते, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तर इनटेकमध्ये पाणी जातं. महिन्यातून एकदा तरी १५ मिनिटं फुलवर चालवा. भांडुपला एका ओळखीच्यांची व्हॅन जूनपासून उभी होती, दिवाळीआधी हीटर दोनदा पेटून विझला, प्लग बदलला, पंप बदलला, शेवटी एक्झॉस्टमध्ये तार घातली तर आतून कुंभारीण माशीचं वाळलेलं मातीचं घरटं भुगा होऊन बाहेर आलं. गाडी उभी करताना पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा आणि स्टीयरिंगवर 'जाळी काढ' अशी चिठ्ठी चिकटवा. निघताना सोबत एक जादा हीटर प्लग, त्या प्लगभोवती आत बसणारी बारीक जाळी, प्लग काढायचा पाना, दोन-चार क्लॅम्प आणि फ्यूज ठेवा, आणि तो प्लग कसा काढतात ते इथेच एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.