फोन त्यांच्याच हातात राहू द्या: शाळेतल्या बाई-सरांना ऑनलाईनचं शिकवायचं असेल तर

प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एखादी बाई किंवा एखादे सर असे असतातच, की शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराची सरकारी वेबसाईट) काही अडलं, यू-डायसचा (शाळेची माहिती भरायचा) फॉर्म पुढं सरकेना, दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवर लॉगिन होईना, की सगळ्यांचे फोन त्यांनाच जातात. मग एक दिवस केंद्रप्रमुख सांगतात, पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, तुम्हीच अर्धा तास घ्या आणि सगळ्यांना गूगल मीट, गूगल फॉर्म वगैरे दाखवा. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि हे काम बरीच वर्षं करतेय.

पहिल्यांदा मी काय केलं ते आधी सांगते, कारण तीच चूक सगळे करतात. प्रोजेक्टर लावला आणि दीड तासात मीट, फॉर्म, दीक्षा, यूट्यूब सगळं धडाधड दाखवून टाकलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, छान झालं मॅडम म्हणाले, चहा झाला, आणि आठवडाभरानं विचारलं तर एकानंही काही उघडून बघितलेलं नव्हतं. पुढं मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि त्याच लोकांचे मला रात्री दहा-दहाला फोन, मॅडम ती लिंक कशी बनवायची हो. तेव्हा कळलं की बघणं वेगळं आणि आपल्या हातानं करणं वेगळं. पोरांना आपण पाढे फळ्यावर नुसते दाखवून सोडून देतो का? नाही ना, मग मोठ्यांना तरी तसं का शिकवायचं.

तर पहिली गोष्ट, ॲपपासून सुरुवात करू नका, त्यांच्या डोकेदुखीपासून करा. प्रत्येकाला आधी विचारा, तुमचा वेळ कशात सगळ्यात जास्त जातो? कुणी म्हणेल चाचणीचे पेपर तपासण्यात, कुणी म्हणेल मराठीत टायपिंग होत नाही म्हणून प्रश्नपत्रिका बाहेरून टाईप करून आणावी लागते, कुणी म्हणेल गैरहजर पोरांना राहिलेला भाग परत शिकवण्यात. ज्याचं जे दुखणं, त्याला तेवढंच एक शिकवा, एका वेळी एकच. अर्धा तास मिळालाय म्हणून चार गोष्टी कोंबल्या की एकही राहत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. आपल्याला सवय असते, आणा इकडं, म्हणायचं, टकाटका चार ठिकाणी दाबायचं आणि हे घ्या झालं म्हणून परत द्यायचं. काम होतं, पण बाईंच्या मनात पक्कं बसतं की हे मला जमणारं नाही, ह्यांनाच जमतं. आपण शेजारी बसायचं, हात मागं ठेवायचे आणि तोंडानं सांगायचं, खाली उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह दिसतंय का, त्याच्यावर टेकवा. वेळ तिप्पट लागतो, लागू दे.

आमच्या शेजारच्या शाळेत एक बाई होत्या, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. स्क्रीनवर बोट टेकवायच्या आणि लगेच मागं घ्यायच्या, तव्यावर बोट लागल्यासारखं. विचारलं तर म्हणाल्या, अगं काही डिलीट झालं तर, लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो ह्यात आहेत. मग आम्ही त्या दिवशी फॉर्म-बिर्म बाजूलाच ठेवला. एक फालतू फोटो काढला, जमिनीचा, तो डिलीट केला आणि गूगल फोटोजच्या ट्रॅशमधून परत आणला, तीन वेळा केलं हे, तिसऱ्यांदा त्यांनी एकट्यानं केलं. त्यानंतर त्यांचं बोट मागं गेलं नाही. भीती कशाची आहे ते आधी शोधा, नुसतं घाबरू नका म्हणून काही होत नाही. आणि बऱ्याच जणांना खरी भीती फोनची नसतेच, वीस जणांत आपलं चुकलं तर हसतील याची असते, म्हणून पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला तरुण शिक्षकांसमोर उभं करून करून दाखवा म्हणू नका. दोघा-तिघांचा गट करा, शक्यतो एकमेकांशी पटणाऱ्यांचा.

शिकवायच्या आदल्या दिवशीच एक काम उरकून घ्या, ते म्हणजे ईमेल आणि पासवर्ड. हसायचं कारण नाही, निम्मी ट्रेनिंगं इथंच बुडतात. एमएससीआयटी या संगणकाच्या कोर्सचं सर्टिफिकेट बहुतेकांकडं असतं, पण फोनमधलं जीमेल फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं नाहीतर भाच्यानं काढून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, रिकव्हरीचा नंबर जुन्या बंद सिमचा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, उद्या येताना आपला ईमेल पत्ता आणि पासवर्ड आठवतोय का ते बघून या, नसेल आठवत तर अर्धा तास आधी या. पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, आणि ओटीपी तर कुणालाच नाही, हे पण त्याच वेळी सांगून टाका. आणि फोनमध्ये जागा आहे का बघा, गुड मॉर्निंगच्या फोटो-व्हिडिओंनी भरलेला असतो, मग नवीन ॲप उतरतच नाही.

आता काय शिकवायचं. माझं मत, सुरुवात मराठी बोलून टाईप करण्यापासून करा, कारण फायदा तिथल्या तिथं दिसतो. जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडायची, व्हॉट्सॲप उघडायचं, माईकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं. आपण बोललेलं वाक्य समोर मराठीत उमटलं की चेहराच बदलतो हो माणसाचा. सरावासाठी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथं करू दे, चुकलं तरी कुणाला दिसत नाही. जोडाक्षरं, स्वल्पविराम हातानं नीट करावे लागतात, ते पण दाखवा.

नंतर पुस्तकातला क्यूआर कोड. बालभारतीच्या पुस्तकात तो रोज डोळ्यासमोर असतो पण स्कॅन केलेला नसतो. दीक्षा ॲप उघडा, त्यात क्यूआरचं चिन्ह आहे, ते दाबून कोडवर धरा, आणि कोड फाटला असेल किंवा कॅमेरा पकडत नसेल तर त्याच्याखाली सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो तो टाईप केला तरी चालतं. नेट नसलेल्या गावात घरूनच डाऊनलोड करून आणायचं. इथं मी एक आवर्जून सांगते, की आपल्याकडं पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी केली, ज्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राईज मिळालं. म्हणजे हे कुठूनतरी वरून आलेलं नाही, आपल्यासारख्याच एका वर्गात सुरू झालेलं आहे, हे ऐकलं की लोक वेगळ्या नजरेनं बघतात त्या कोडकडं.

गूगल फॉर्मवर चाचणी घ्यायची असेल तर पाचच प्रश्नांची बनवायला लावा, त्यांच्याच उद्याच्या धड्यावरची. सेटिंगमध्ये जाऊन ती क्विझ करायची, प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर आणि गुण द्यायचे, म्हणजे तपासणी आपोआप होते. दोन गोष्टी नवीन माणसाच्या लक्षात येत नाहीत. पहिलाच प्रश्न मुलाचं पूर्ण नाव आणि इयत्ता असा ठेवायचा आणि तो भरणं सक्तीचं करायचं, नाहीतर उत्तरं येतात पण कुणाची ते कळत नाही. आणि एकालाच एकदा उत्तर देता येईल असा जो पर्याय असतो तो बंद ठेवायचा, कारण तो चालू केला की गूगलचं लॉगिन मागतं आणि आपल्याकडं एका फोनवर दोन-दोन भावंडं चाचणी देतात, मग दुसऱ्याला देताच येत नाही. फॉर्म झाला की बाईंनी तो आधी स्वतः पोर होऊन भरायचा, मग वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा.

मीट किंवा झूम मी मुद्दाम शेवटी ठेवते. फुकटातल्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे, मीटला तिघं किंवा जास्त असले तर ६० मिनिटांची, पण पोरांसाठी अर्ध्या तासाच्या वर घेऊच नका. खरी अडचण वेळेची असते, फोन वडिलांकडं, वडील कामावर, सकाळी दहाच्या तासाला येणार कोण? संध्याकाळी सातनंतर घेतलं तर पोरं दिसतात, नाहीतर सरळ पाच मिनिटांचा व्हिडिओ नाहीतर नुसती आवाजाची क्लिप पाठवलेली बरी, डेटापण कमी जातो. मीटचा सराव करताना दोन शिक्षकांना एकाच खोलीत बसवू नका, आवाज घुमतो आणि सगळे गडबडतात, एकाला व्हरांड्यात पाठवा. माईक बंद-चालू करणं, कुणी आत यायची परवानगी मागितली तर द्यायची कशी, अनोळखी कुणी घुसला तर बाहेर काढायचं कसं, आणि लिंक वर्गाचा ग्रुप सोडून कुठंही टाकायची नाही, एवढं आलं तरी पुष्कळ.

व्हिडिओ बनवायला महागडं काही लागत नाही. फोन आडवा धरून स्टीलच्या डब्याला टेकवा, तोंड खिडकीकडं, खिडकी पाठीमागं आली तर चेहरा काळा येतो. पंखा बंद करा. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर मधेच कुणाचातरी फोन येतो आणि सगळं परत. पहिल्या व्हिडिओत अडखळलं तरी राहू दे, पोरांना आपल्याच बाई दिसल्याचा आनंद असतो.

शिकवून झालं की प्रत्येकाला स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत पायऱ्या लिहायला लावा. तुम्ही छापून दिलेला कागद कपाटात जातो. त्या लग्नाच्या फोटोवाल्या बाईंनी फॉर्म शिकल्यावर वहीत लिहिलं होतं, "जांभळं पान, मग अधिक, मग गाव कुठलं तसं प्रश्न कुठला ते लिही". दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळणार नाही, पण त्यांना बरोबर कळायचं, आणि फॉर्म बनवताना त्या ती वही फोनशेजारी उघडी ठेवायच्या.

खरं काम त्यानंतरच्या तीन आठवड्यांत असतं, तिथं कंटाळू नका. संध्याकाळी आठ ते नऊ मला फोन करा असं ठरवून सांगा, म्हणजे त्यांना संकोच वाटत नाही आणि तुमची रात्रपण जात नाही. आठवड्यानं तुम्ही स्वतः फोन करा, चाचणी झाली का, किती पोरांनी दिली, कुठं अडलं. अडलेल्या जागेचा स्क्रीनशॉट काढून पाठवायला शिकवून ठेवा, निम्मे प्रश्न त्यातच सुटतात. जो काहीच करत नाही त्याला ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका, शाळेत जाऊन भेटा, घरी कुणी आजारी असतं, कधी फोनच मुलाकडं असतो. आणि पुढच्या परिषदेत तुम्ही मागं बसा, ज्यांनी ह्या महिन्यात एक गोष्ट केली त्यांनीच शेजारच्याला शिकवू दे, फोन मात्र शेजारच्याच्याच हातात आहे ना एवढं बघा.