घरी प्रार्थना ठेवताय? मग हे वाचा

आमच्याकडे कोणी याला कॉटेज मीटिंग म्हणतं, कोणी घरची प्रार्थना. रविवारची उपासना चर्चमध्ये होतेच, ही मधल्या वारी, कोणाच्या तरी घरी, दहा-बारा जण, दोन-तीन गाणी, वचन म्हणजे बायबलमधला एखादा उतारा आणि त्यावर थोडं बोलणं, प्रार्थना आणि चहा. पहिल्यांदाच ठेवणार असाल तर टेन्शन घेऊ नका, घर लहान आहे म्हणून तर अजिबात नको, बायबलमधले प्रिस्किल्ला आणि अक्विला हे नवरा-बायको राहुट्या करून पोट भरणारी माणसं होती आणि मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्यांच्याच घरी जमायची, रोमकरांच्या पत्रात १६व्या अध्यायात आहे बघा.

आधी खुर्च्यांचं. घरात चारच प्लास्टिकच्या खुर्च्या असल्या की त्यात साहेब लोक बसतात आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशी दाराशी चटईवर, कोणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे, सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी. त्यामुळे सरळ सतरंज्या अंथरा, सगळे खाली, खुर्ची फक्त गुडघेवाल्यांना. आणि घरमालकाने दाराजवळ बसायचं, कारण नवीन माणूस हमखास उशिरा येतो, चपलांचा ढीग बघून घुटमळतो आणि आत गाणं चालू असलं की गुपचूप जिना उतरतो, मी स्वतः एकदा असाच उतरलोय.

आत आल्यावर त्याला आडनाव, मूळ गाव, कुठल्या मंडळीचे हे लगेच विचारू नका. आपण प्रेमानेच विचारतो हो, पण समोरच्याला बरोब्बर कळतं काय चाचपतायत ते. बाप्तिस्मा झालाय का हे तर नकोच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा येशूच्या शिष्यांचा मेळा काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघांनाही जागा होती, मग आपल्या सतरंजीवर बसायला कसली अट? साखर किती घालू एवढं विचारा, बास.

वचनाला वीस मिनिटं. पास्टरांना हे तोंडावर सांगणं अवघड जातं, त्यांच्या मिसेसना सांगा. गाण्यांत एक तरी जुनं, पेटी-टाळावरचं घ्या, आजी लोक तेवढ्यासाठी येतात.

आता खाणं, इथेच गाडी अडकते. आमच्या एरियात पहिल्या घरी चहा-खारी होती, दुसऱ्यांनी पोहे केले, तिसऱ्यांनी पावभाजी, चौथ्यांकडे थेट बिर्याणी, आणि पाचवं घर रिक्षा चालवणाऱ्या दादाचं, तो म्हणाला पुढच्या महिन्यात बघू, तो महिना काही आलाच नाही आणि मीटिंगच बंद पडली. कोणी वाईट वागलं नव्हतं. पुन्हा सुरू केली तेव्हा ठरवून टाकलं, चहा आणि खारी, कितीही हौस असली तरी. आणि ड्युटीवरून येणारे पोचेपर्यंत चहा गाळायचा नाही, बायबलच्या काळात करिंथच्या मंडळीत आधी आलेले खाऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबा असंच लिहिलं होतं.

आमेन झाल्यावर कप गोळा करायची घाई नको. सभेत कोणी बोलत नाही, कप विसळताना बोलतं. त्या दिवशी एक काकू नळ सोडून पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, मुलाची नोकरी गेलीय, दोन महिने झाले, घरात कोणाला सांगितलं नाही. अशा वेळी सगळ्यांना हाक मारून मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रार्थना विनंती म्हणून तर बिलकुल टाकू नका, त्यांना विचारा काय चालेल. नाहीच काही म्हणाल्या तर पुढचा कप विसळायला घ्या.

आणि पुढच्या वेळी कोणाचं घर ते ठरल्याशिवाय कोणाला चपला घालू देऊ नका.